सीईटी, जेईई आणि नीटच्या निकालाची वाट पाहताना: नागपूरच्या विद्यार्थी-पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिना संपत आला की नागपुरात ज्या घरी बारावीचा विद्यार्थी असतो त्या घरी दुसरा विषय नसतो. राज्याची सीईटी, देशपातळीवरची अभियांत्रिकीची जेईई आणि वैद्यकीयची नीट या प्रवेश परीक्षा होऊन गेलेल्या असतात, निकाल हाती नसतो, आणि त्या मधल्या दिवसांत गुणांचे अंदाज, मित्रांचे आकडे आणि मागच्या वर्षीचे कटऑफ (शेवटचा प्रवेश ज्या आकड्यावर थांबला तो) यांची तुलना सकाळ-संध्याकाळ चालू राहते. धरमपेठ-नंदनवनच्या शिकवण्यांतील मुले असोत की उमरेड, काटोल, भंडाऱ्याहून येऊन इथे खोली करून राहिलेली मुले असोत, त्यांच्याकडून आणि त्यांच्या पालकांकडून दरवर्षी येणारे प्रश्न येथे घेतले आहेत. यांपैकी बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी एकच घोळ आहे: ज्या आकड्यांची तुलना होऊ शकत नाही ते शेजारी-शेजारी मांडले जातात आणि त्यावरून मुलाची पारख केली जाते. म्हणून आकड्यांचा अर्थ सांगणारी उत्तरे मुद्दाम सविस्तर दिली आहेत.

निकाल नक्की कोणत्या दिवशी लागणार? व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या तारखा खऱ्या मानाव्यात का?

राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या म्हणजेच सीईटी सेलच्या संकेतस्थळावर सूचना येईपर्यंत कोणतीही तारीख खरी मानू नये. मागील वर्षांवरून साधारण अंदाज येतो. पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) आणि पीसीबी (गणिताऐवजी जीवशास्त्र) या गटांचा निकाल २०२३ मध्ये १२ जूनला व २०२४ मध्ये १६ जूनला लागला, तर २०२५ मध्ये पीसीएमचा १६ जूनला आणि पीसीबीचा १७ जूनला लागला. मात्र जाहीर झालेली तारीखसुद्धा बदलू शकते. २०२४ च्या नीटचा निकाल १४ जूनला अपेक्षित होता; तो दहा दिवस आधी, लोकसभेच्या मतमोजणीच्या दिवशी म्हणजे ४ जूनला लागला. त्यामुळे रात्री दोन वाजेपर्यंत पान पुन्हा पुन्हा उघडत बसण्यात अर्थ नाही. निकाल लागल्यानंतर तो काही तासांत नाहीसा होत नाही, आणि पहिल्या तासात तो पाहिल्याने प्रवेशात कोणताही लाभ होत नाही.

पर्सेंटाइल म्हणजे टक्केच ना?

नाही, आणि हा फरक घरातील प्रत्येकाने समजून घ्यावा, विशेषतः ज्या आजोबांना ‘नव्वद टक्के पडले’ असे सांगितले जाणार आहे त्यांनीही. टक्के म्हणजे एकूण गुणांपैकी मिळालेला वाटा. पर्सेंटाइल म्हणजे तुमच्या सत्रात परीक्षेला बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी शेकडा किती जणांना तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी गुण आहेत, तो आकडा. समजा एका सत्रात २०,००० विद्यार्थी बसले आणि त्यांपैकी १९,००० जणांचे गुण तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी आहेत. तर तुमचे पर्सेंटाइल ९५ झाले. तुम्हाला २०० पैकी प्रत्यक्षात किती गुण मिळाले याचा या आकड्यावरून थेट बोध होत नाही.

पर्सेंटाइल दशांश चिन्हानंतर सात स्थळांपर्यंत दिले जाते. स्कोअरकार्डावर ९४.३१०७४५२ असा आकडा पाहून अनेक पालक गोंधळून जातात, परंतु हजारो विद्यार्थी एकाच आकड्यावर अडकू नयेत यासाठीच ही स्थळे ठेवलेली आहेत. तसेच प्रत्येक सत्रात जो सर्वांत वर असतो त्याचे पर्सेंटाइल १०० येते, त्यामुळे सत्रे अनेक असली की १०० पर्सेंटाइल मिळालेले विद्यार्थीही अनेक असतात. त्या सर्वांना पैकीच्या पैकी गुण मिळालेले असतात असे नव्हे.

मैत्रिणीला माझ्यापेक्षा कमी गुण होते, तरी तिचे पर्सेंटाइल जास्त कसे आले? हा अन्याय नाही का?

तुमचे सत्र वेगळे होते का, हे आधी पाहा. सीईटी अनेक दिवस, सकाळ-दुपारच्या सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असते. एखाद्या सत्रात गणिताचा पेपर लांबला, तर त्या सत्रातील सर्वांचेच गुण खाली येतात आणि १२० गुणांनाही ९५ पर्सेंटाइल मिळू शकते. सोप्या सत्रात तेवढ्यासाठी १२८ लागू शकतात. तुलना त्याच प्रश्नपत्रिकेला सामोरे गेलेल्या मुलांशीच होते, आणि एवढ्यापुरती ही पद्धत न्याय्य आहे.

तिची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. सर्व सत्रांमध्ये हुशार आणि सामान्य विद्यार्थ्यांचे प्रमाण सारखे विभागले गेले आहे, हे या पद्धतीचे गृहीतक आहे. विद्यार्थ्यांची संख्या मोठी असल्यामुळे ते बऱ्याच अंशी खरे ठरते, तंतोतंत खरे ठरत नाही. माझ्या मते यापेक्षा चांगला मार्ग म्हणजे सर्वांची एकाच वेळी एकच परीक्षा घेणे; परंतु संगणकावरील परीक्षेत ते सध्या शक्य झालेले नाही. दोन मैत्रिणींनी यावरून अबोला धरणे मात्र खरोखर वाईट आहे, कारण त्या दोघींनी एक परीक्षा दिलेलीच नाही.

माझे तिन्ही विषयांचे पर्सेंटाइल ९६ ते ९७ च्या दरम्यान आहे आणि एकूण मात्र ९८ च्या वर. निकालात चूक झाली आहे का?

चूक नाही. एकूण पर्सेंटाइल ही तीन विषयांच्या पर्सेंटाइलची सरासरी नसते. आधी तिन्ही विषयांच्या मूळ गुणांची बेरीज होते आणि त्या बेरजेवरून एकूण पर्सेंटाइल नव्याने काढले जाते. एका विषयात पुढे असणारे विद्यार्थी पुष्कळ असतात, पण तिन्ही विषयांत सारखे टिकून राहणारे कमी असतात; म्हणून ज्याची तयारी समतोल आहे त्याचे एकूण पर्सेंटाइल त्याच्या प्रत्येक विषयाच्या पर्सेंटाइलपेक्षा वर जाऊ शकते. याउलट गणितात पुष्कळ मागे पडलेल्याचे एकूण पर्सेंटाइल बरेच खाली येते, कारण पीसीएम गटात २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे आहेत: ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राला प्रत्येकी ५० गुण आहेत.

जेईई मेनमध्ये ९२ आणि सीईटीत ९६ पर्सेंटाइल आले. म्हणजे सीईटी चांगली गेली असे समजावे का?

असे समजता येत नाही. दोन्ही परीक्षांना बसणारा विद्यार्थीवर्गच वेगळा आहे. २०२५ मध्ये जेईई मेन देणारे १४ लाखांहून अधिक होते, म्हणजे तेथे एक पर्सेंटाइल म्हणजे १४ हजारांहून अधिक विद्यार्थी. त्याच वर्षी सीईटीच्या पीसीएम गटात चार लाखांहून अधिक विद्यार्थी होते, म्हणजे तेथे एक पर्सेंटाइल म्हणजे चार हजारांहून अधिक. शिवाय जेईईत चुकीच्या उत्तराला गुण वजा होतात आणि सीईटीत होत नाहीत. शंभरातून आपले पर्सेंटाइल वजा करावे, उरलेल्या संख्येला एकूण परीक्षार्थींच्या संख्येने गुणून शंभराने भागावे, म्हणजे गुणवत्ता क्रमांकाचा ढोबळ अंदाज मिळतो. प्रवेशासाठी उपयोगी पडतो तो हा क्रमांक. जेईई मेनच्या जानेवारीच्या सत्रानंतर फक्त पर्सेंटाइल मिळते, क्रमांक मिळत नाही. एप्रिलचे सत्र झाल्यावर दोन्हींतील चांगला स्कोअर धरून क्रमांक लावला जातो, हेही अनेकांच्या लक्षात येत नाही.

मोठ्या मुलाला २०२४ च्या नीटमध्ये ६४० गुण होते. धाकटीला २०२५ मध्ये ५४० मिळाले. ती मागे पडली का?

हा प्रश्न माझ्याकडे फार वेळा येतो, आणि तो बहुधा धाकटीच्या समोरच विचारला जातो याचे मला दुःख होते. नीट ७२० गुणांची असते आणि सर्वांसाठी एकच प्रश्नपत्रिका असते. परंतु दोन वर्षांच्या प्रश्नपत्रिका सारख्या कठीण असतातच असे नाही. २०२४ मध्ये सुधारित निकालानंतरही १७ विद्यार्थ्यांना ७२० पैकी ७२० गुण होते. २०२५ मध्ये भौतिकशास्त्राचा पेपर इतका कठीण गेला की देशातील सर्वोच्च गुणच ६८६ होते. खुल्या प्रवर्गाची पात्रतेची मर्यादाही २०२४ मधील १६२ वरून २०२५ मध्ये १४४ वर आली. अशा दोन वर्षांचे गुण समोरासमोर ठेवून बहीण-भावाची तुलना करणे सर्वस्वी चुकीचे आहे. दोघांचा अखिल भारतीय क्रमांक काढून पाहावा. शंभर गुणांचा फरक तेथे तेवढा दिसत नाही, आणि काही घरांत तर धाकटीचाच क्रमांक वरचा निघालेला मी पाहिला आहे.

मुलगा नीटमध्ये ‘क्वालिफाय’ झाला. आता एमबीबीएसचा प्रवेश नक्की ना?

पात्र ठरणे आणि प्रवेश मिळणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. खुल्या प्रवर्गासाठी पात्रता ५० व्या पर्सेंटाइलला असते. २०२५ मध्ये बारा लाखांहून अधिक विद्यार्थी पात्र ठरले, तर देशातील एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास आहेत. नागपुरात मेडिकल आणि मेयो या दोन शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यातून सीईटी सेल भरते आणि १५ टक्के अखिल भारतीय कोट्यात जातात. मिहानमधील एम्सला मात्र राज्याचा कोटा नाही. तेथील सर्व जागा देशपातळीवरून भरल्या जातात, म्हणून ‘एम्स आपल्या गावात आहे’ याचा प्रवेशाला काही उपयोग होत नाही. नीटच्याच गुणांवर शासकीय दंत महाविद्यालय, सक्करदऱ्याचे शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आणि सेमिनरी हिल्सचे पशुवैद्यकीय महाविद्यालय येथेही प्रवेश होतात. एमबीबीएस हुकल्यानंतर घाईघाईने यांचा विचार करण्याऐवजी निकालापूर्वीच त्यांची माहिती घ्यावी.

उत्तरतालिकेवर आक्षेप घेतल्याने काही फरक पडतो का?

आधार असेल तर पडतो. २७ एप्रिल २०२५ च्या सकाळच्या सत्रात सीईटीच्या गणिताच्या २१ प्रश्नांचे पर्याय चुकीचे असल्याचे आढळले आणि त्या सत्राची फेरपरीक्षा ५ मे रोजी घ्यावी लागली. २०२४ च्या नीटमध्ये अणुरचनेवरील एकाच प्रश्नाची दोन उत्तरे ग्राह्य धरली गेली होती. सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांनी एकच उत्तर बरोबर ठरवले आणि चार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांचे पाच-पाच गुण कमी झाले. म्हणून आपल्या लॉगिनमध्ये दिलेली उत्तरे आणि तात्पुरती उत्तरतालिका शांतपणे ताडून पाहावी. आक्षेपाला प्रत्येक प्रश्नामागे शुल्क असते, त्यामुळे ज्या प्रश्नासाठी पाठ्यपुस्तकातील पान दाखवता येते त्याच प्रश्नावर आक्षेप घ्यावा. अंतिम उत्तरतालिका लागल्यानंतर फेरतपासणीची सोय राहत नाही.

‘९३ पर्सेंटाइलला कॉम्प्युटर शाखा मिळेल का?’ याचे उत्तर कोणाकडून मिळेल?

कोणाही माणसाकडून नाही, सीईटी सेलच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या म्हणजे कॅपच्या मागील वर्षीच्या फेऱ्यांच्या कटऑफ याद्यांतून मिळेल. त्या पीडीएफमध्ये प्रत्येक महाविद्यालयाखाली प्रत्येक शाखेचा एक तक्ता असतो आणि तक्त्यातील प्रत्येक चौकटीत आधी गुणवत्ता क्रमांक व त्याखाली कंसात पर्सेंटाइल असते. चौकटीच्या वर लिहिलेला संकेत मात्र वाचता आला पाहिजे. जीओपनएच म्हणजे सर्वसाधारण, खुला, गृह विद्यापीठ. एलओपनएच म्हणजे त्याच गटातील महिलांसाठी राखीव जागा. शेवटी ओ असेल तर गृह विद्यापीठाबाहेरच्या उमेदवारांसाठी आणि एस असेल तर राज्यस्तरावर. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांसाठी गृह विद्यापीठ म्हणजे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ. एकाच शाखेच्या दोन चौकटींमध्ये बरेच अंतर असू शकते, आणि शिकवणीतील मित्र ज्या चौकटीचा आकडा सांगतो ती तुमची चौकट असतेच असे नाही. टीएफडब्ल्यूएस म्हणजे शिक्षण शुल्क माफीच्या जागांचा कटऑफ सहसा वर असतो. तो पाहून घाबरून जाणारे विद्यार्थीही मी पाहिले आहेत.

क्रमांकाकडे अधिक लक्ष द्यावे, पर्सेंटाइलकडे कमी. परीक्षार्थी वाढले की तेच पर्सेंटाइल असताना क्रमांक मागे जातो.

नागपुरातील राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेचा म्हणजे व्हीएनआयटीचा प्रवेश सीईटीवर होत नाही, जेईई मेनच्या क्रमांकावर जोसा या देशपातळीवरील जागावाटप यंत्रणेमार्फत होतो, आणि तेथे निम्म्या जागा महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांसाठी असतात. नागपूरच्या ट्रिपल आयटीत (भारतीय माहिती तंत्रज्ञान संस्थेत) असा गृहराज्याचा कोटा नाही. दोन्हीकडे बारावीला ७५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी ६५ टक्के, किंवा मंडळाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असणे आवश्यक आहे.

निकाल लागेपर्यंत काय करता येईल?

कागदपत्रे. जूनच्या मध्यात सिव्हिल लाइन्सच्या जिल्हाधिकारी कार्यालयातील सेतू केंद्रावर रांग लागते, तेव्हा जाऊ नये, आता जावे. अधिवास प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, जात प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र आणि पुढील वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध असलेले नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र एका फाइलमध्ये लावून ठेवावे. नावातील एखादे अक्षर दहावीच्या गुणपत्रिकेवर एक आणि दाखल्यावर दुसरे असेल तर ते आताच दुरुस्त करून घ्यावे. जोसा किंवा अखिल भारतीय कोट्यासाठी ओबीसीचे प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यातील लागते, राज्याचे चालत नाही. एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) हा राज्याचा प्रवर्ग तर केंद्रात नाहीच. यावरून ऐन वेळी धावपळ होते आणि चांगला क्रमांक असूनही विद्यार्थ्याला खुल्या प्रवर्गातून अर्ज भरावा लागतो.

पसंतीक्रमाची कच्ची यादीही याच दिवसांत करावी. २०२५ च्या कॅपमध्ये पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी किंवा तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी एखादा मिळाला, तर तो स्वीकारणे बंधनकारक होते. असा नियम असताना यादी नेट कॅफेत बसून अर्ध्या तासात करण्यासारखी गोष्ट राहिलेली नाही. आपला पासवर्ड आणि ओटीपी कोणालाही देऊ नये, ‘सीट करून देतो’ असे फोनवर सांगणाऱ्याला तर मुळीच नाही.

नातेवाईक सतत ‘किती येतील?’ असे विचारतात. पालकांनी काय करावे?

उत्तर पालकांनी स्वतः द्यावे: ‘निकाल लागला की आम्ही कळवू.’ मुलाला फोनवर बोलावू नये. वास्तुशांती किंवा लग्नाच्या पंगतीत बसलेल्या मुलीला समोरच्या ओळीतून कोणी तरी मोठ्याने स्कोअर विचारतो आणि तिच्या शेजारी बसलेली आई तिच्याकडे पाहते, ही वेळ तिच्यावर आणू नये. तिला यायचे नसेल तर घरी राहू द्यावे.

घरातही मुलाशी बोलण्याचा विषय केवळ निकाल असू नये. उत्तरतालिकेवरून काढलेले गुण एकदा विचारले की पुन्हा विचारू नयेत. रोज विचारल्याने ते वाढत नाहीत आणि मुलाला मात्र आपण पुरेसे सांगितले नाही असे वाटत राहते. ‘एवढा खर्च केला’ हे वाक्य या दिवसांत तरी उच्चारू नये. शिकवणीची फी, मेस, खोलीचे भाडे याची जाणीव मुलांना असते. गावी शेती असणाऱ्या घरांतील मुलांना तर ती फारच तीव्र असते.

जेवण तुटले आहे, झोप उडाली आहे, मूल खोलीबाहेर येत नाही, ‘मी नसतो तर बरे झाले असते’ असे काही बोलते, यांपैकी काहीही दिसले तर निकालाची वाट पाहत थांबू नये. टेली-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तेथे मराठीत बोलता येते. जवळच्या मानसोपचारतज्ज्ञाकडेही संकोच न करता जावे. निकालाच्या संध्याकाळी मुलाला खोलीवर एकटे राहू देऊ नये. मूल वसतिगृहात असेल तर आदल्या दिवशीच कोणी तरी घरचे माणूस नागपुरात येऊन थांबावे.

माझे पर्सेंटाइल मित्रांना सांगणे आवश्यक आहे का?

नाही. ‘नंतर सांगतो’ एवढे म्हणणे पुरेसे आहे आणि त्यात उद्धटपणा नाही. समूहावर स्कोअरकार्डाचे छायाचित्र टाकू नये, कारण त्यावर अर्ज क्रमांक आणि अन्य माहिती असते.

स्कोअर कमी आला तर एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा द्यावी का?

नियमांचा अडथळा फारसा नाही. जेईई मेन बारावीच्या वर्षापासून सलग तीन वर्षे देता येते, आयआयटीच्या प्रवेशाची जेईई ॲडव्हान्स्ड सलग दोन वर्षे, आणि नीट किती वेळा द्यावी यावर मर्यादा नाही. प्रश्न विद्यार्थ्याचा आहे. गुण कशामुळे गेले हे त्याला स्वतःच्या शब्दांत सांगता येते का, हे मी आधी पाहतो. ‘सेंद्रिय रसायन केलेच नव्हते’ किंवा ‘परीक्षेच्या आठवड्यात टायफॉइड झाला’ असे ठोस कारण असेल तर वर्षभराच्या अभ्यासाला दिशा मिळते. ‘मित्राला जास्त आले’ एवढेच कारण असेल तर थांबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय विद्यार्थ्याला स्वतःला हवे आहे की घरच्यांना, हे त्याच्याशी एकट्याने बोलल्याशिवाय कळत नाही.

हा निर्णय निकालाच्या आठवड्यात घेऊ नये. कॅपचा अर्ज भरावा, कागदपत्रांची पडताळणी करून घ्यावी, पसंतीक्रम द्यावा आणि काय मिळते ते पाहावे. मिळालेली जागा नको असेल तर ती सोडण्यासाठी आणि शुल्क परत मिळण्यासाठी दिलेल्या मुदतीची तारीख त्या वर्षीच्या वेळापत्रकातून उतरवून घ्यावी आणि त्या तारखेच्या दोन दिवस आधी घरातील सर्वांनी बसून ठरवावे.